मागीलदारची मशेरी

नातवंडं भांडायला लागली की मी खालची कवळी काढून हातात घेते आणि त्यांच्याकडे रोखून बघते. घरात एकदम शांतता. धाकटी तर पळत जाऊन आजोबांच्या मागे लपते. मग मी कवळी जागेवर ठेवून अंगठ्याने दाबते, टक् असा आवाज होतो आणि मी पुन्हा माणसात येते. माझ्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे दोन स्क्रू आहेत. त्यांच्या डोक्यावर बारकी बटणं, आणि कवळीच्या पोटात त्या बटणांवर घट्ट बसणाऱ्या रबरी कड्या. हे स्क्रू माझ्या सुनेने बसवले. सासूच्या जबड्यात ड्रिल घालायची संधी किती जणींना मिळते? तिने ती सोडली नाही. मधूनमधून "आई, दुखतंय का?" असं विचारत मात्र होती. तोंडात एवढं सामान असताना उत्तर देता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक. तिला ते मीच शिकवलं होतं.

रत्नागिरीत मी जन्मभर दातांची डॉक्टरकी केली. आता दवाखाना सून बघते, मी सकाळचे दोन तास बाहेरच्या खोलीत बसते आणि लोकांना नवे दात कसे सांभाळायचे ते शिकवते. सून त्याला 'आईंचं साफसफाई खातं' म्हणते. तेव्हा या दिवाळीला साफसफाईबद्दलच लिहावं असं ठरवलं होतं. लिहायला बसले तर दुसरंच वर आलं.

आधी तेव्हाच्या मला भेटा. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायची कला, आमच्या गावात नवी नवी आली तेव्हा माझी मुलं कॉलेजात होती. वयाने मी तरुण नव्हते, पण अकलेने होते. मुंबईला जाऊन शिकून आले. येताना भिंतीवर लावायची तीन प्रमाणपत्रं, एक प्लास्टिकचा जबडा आणि मणभर घमेंड घेऊन आले. कोट कडक इस्त्रीचा, चालणं असं की बघणाऱ्याला वाटावं, जिल्ह्यातल्या सगळ्या जबड्यांचा ताबा माझ्याकडे दिलाय. दवाखान्यावर नवा बोर्ड लावला. त्यावर पेंटरकडून एवढा मोठा चकचकीत स्क्रू काढून घेतला, आणि दात मात्र त्याने हौसेने कोपऱ्यात छोटासा काढला. पहिल्या आठवड्यात दोन माणसं नळाचं सामान विचारायला आली. मी त्यांनाही खुर्चीत बसवून हिरड्या तपासल्या.

गिऱ्हाइकंही एकेक. पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले एक फिटर होते. माझ्या हातातला स्क्रू पिळायचा छोटा पाना बघून भर खुर्चीत उठून बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, हा पाना मला द्या, मीच बसवतो." नाटे बंदरावरचे एक खलाशी दात बसल्याबसल्या खिशातून कागदाची पुडी काढून सुक्या बोंबलाची चाचणी घ्यायला निघाले. त्यांच्या हातातून पुडी हिसकावून घेताना माझ्या कोटाला जो वास लागला, तो तीन धुण्यांत गेला नाही.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर असं. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. देखभाल नसलेल्या शेताच्या बांधासारखं ते हळूहळू सपाट होतं. वरची कवळी टाळ्याला चिकटून राहते, खालची मात्र जिभेबरोबर नाचते. म्हणून खालच्या हाडात पुढच्या बाजूला दोन भोकं पाडायची आणि स्क्रू बसवून शिवून टाकायचं. मग वाट बघायची. तीनेक महिन्यांत हाड त्या धातूला आपलं मानतं, त्याच्या खोबणीत शिरतं, त्याला धरून बसतं. ते धरणं डॉक्टरच्या हातात नसतं. साखर वाढलेली असली, हिरड्या घाण असल्या, तंबाखू असली, तर हाड धरत नाही, किंवा धरलेलं सोडतं. आणि आमच्या बाजूला तंबाखू म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने हिरड्यांना चोळायची. भाजताना घरभर ठसका. बायका तिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. दात पडून गेल्यावरही घासत राहतात.

विमलबाई आणि शेवंताबाई अशाच आल्या होत्या. एसटीने, दुपारच्या उन्हात, एकीच्या हातात दुसरीची पिशवी.

"जय भीम, डॉक्टर," उंच होत्या त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत, वय साठीच्या पुढे. "ही माजी धाकटी जाव, विमल. हिचं लगीन झालं तवा हिला बत्तीस दात होते. मी बगून घेतले होते. आता बगायला कायच नाय."

विमलबाई बारक्या, पदर तोंडावर धरलेला. पदराआडून म्हणाल्या, "आक्का, गप की गो."

तक्रार कवळीचीच होती. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाचा साखरपुडा होता. विमलबाईंना त्रिशरण-पंचशील पाठ, गावच्या विहारात कितीतरी वर्षं त्याच आधी म्हणायच्या आणि बाकीच्यांनी मागून. साखरपुड्यालाही त्यांनाच उभं केलं. पहिल्याच 'सरणं गच्छामि'ला खालची कवळी सुटून जिभेवर आली. त्यांनी ती पदरात झेलली. व्याह्यांनी बघितलं. त्या दिवसापासून त्या विहारात मागे बसत आणि नुसते ओठ हलवत.

"पाठ समदं हाय," त्या म्हणाल्या, "तोंडच नाय."

मुलाने ठरवलं होतं, आईचे पक्के दात करायचे. मी प्लास्टिकचा जबडा पुढे घेतला आणि भाषण सुरू केलं. त्या वयात मला भाषणाची फार आवड. साखर, रक्तदाब, झालेली ऑपरेशनं असं सगळं विचारून झाल्यावर मी म्हटलं, "तंबाखू?"

विमलबाईंनी जावेकडे बघितलं.

"तंबाखू नाय," शेवंताबाई म्हणाल्या. "मशेरी."

मी तंबाखूवरचं वेगळं भाषण सुरू केलं. ते जरा लांब होतं. शेवंताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाचवं शील दारूचं हाय, डॉक्टर. मशेरीचा त्यात उल्लेख नाय."

"पाठ कोण म्हणतं, तू का मी?" विमलबाई पहिल्यांदा पदर काढून हसल्या.

"तू. म्हनून तं तुजे दात करायचे."

मलाही हसू आलं, पण मी ते कोटाच्या आत ठेवलं. शेवंताबाईंना म्हटलं, "तुम्ही पण बसा खुर्चीत, आलाच आहात तर तोंड बघते."

"मी सोबतीला आलंय," त्या म्हणाल्या. "माजं तोंड माजं."

पुढच्या खेपांना विमलबाई मुलाबरोबर किंवा एकट्या येऊ लागल्या आणि थोडं थोडं बोलू लागल्या. दोघी जावांची घरं एकाच भिंतीची, पूर्वी एकच घर होतं. मोठा भाऊ मास्तर, धाकटा मुंबईला बंदरात काम करून परत आलेला. वाटणीवरून दोघांचं बिनसलं. घरात भिंत आली, पुढच्या अंगणात जांभ्या दगडाचा गडगा आला, भाऊ एकमेकांच्या दिशेने खोकायचेही बंद झाले. पण गडगा मागीलदारी पोचलाच नाही. तिथे दोघींचा धुण्याचा दगड एक होता. गडगा घालायला आलेल्या गड्यांना शेवंताबाईंनी सांगितलं, "हितं दगड ठेवलात तं उचलून तुमच्या डोसक्यात घालीन." तेव्हा तिथे मोकळंच राहिलं. पहाटे नवरे झोपलेले असताना दोघी त्या दगडावर बसत. डबी शेवंताबाईंची. मशेरी त्याच भाजायच्या, विमलबाईंना तव्याचा धूर सोसत नसे. उजाडेपर्यंत लावत बसायच्या आणि बोलायच्या. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचं पोर पास झालं, मास्तर रात्री झोपेत काय बडबडले. दोन घरांमध्ये दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं ते एवढंच.

"नवऱ्याला जे सांगलं नाय ता आक्काला सांगलंय," विमलबाई म्हणाल्या होत्या. मी त्यांच्या जबड्याचं माप घेत होते आणि त्यांना म्हणत होते, हलू नका.

मशेरी सोडायची अट त्यांनी कबूल केली. पहिल्या काही दिवसांनी मी विचारलं तर मान खाली. जावेशेजारी त्या रिकाम्या हाताने बसून बघत होत्या. तव्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, बोलता बोलता बोट डबीत जायचं. दोनदा सोडली, दोनदा लागली.

"मग तिथे बसूच नका," मी म्हटलं.

"आक्काजवळ?"

"मशेरीजवळ. दात हवेत ना? मग घरात बसा, चहा प्या, फिरायला जा. वास आला की खिडकी लावून घ्या."

केवढी सोपी गोष्ट. मी हातमोजे काढले आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या नाहीत, जरा वेळ प्लास्टिकच्या जबड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लावते खिडकी."

आणि त्यांनी लावली. ज्या पेशंटनी दिलेला शब्द पाळला अशा माणसांची माझी यादी फार मोठी नाही, पण विमलबाई तिच्यात सगळ्यात वर. स्क्रू बसवायच्या दिवशी त्यांच्या हिरड्या गुलाबी झालेल्या होत्या. हाड छान निघालं, खाणीतून नुकत्याच काढलेल्या जांभ्या चिऱ्यासारखं, हत्याराला वाट देणारं पण भुसभुशीत नाही. टाके घालताना मी त्यांना म्हटलं, आता तीन महिने याला त्रास द्यायचा नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे कलम. बांधायचं नि हलवायचं नाय." माझं सगळं भाषण त्यांनी एवढ्यात आटपलं.

तीन महिन्यांनी बटणं बसवली, कवळी दाबली. टक्. त्यांनी जीभ फिरवून बघितली, ओठ दाबून बघितले. मग हात जोडून डोळे मिटले आणि खुर्चीत बसल्याबसल्या त्रिशरण म्हणायला लागल्या. पूर्ण म्हटलं, तीन वेळा, एकेक अक्षर टाकीने कोरल्यासारखं. बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दारात येऊन उभी राहिली. मी माझ्या प्लास्टिकच्या जबड्याचा आधार घेऊन उभी होते. घमेंड तर होतीच, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणीही होतं, एवढं तेव्हाच्या मला देऊन टाकते.

त्यांचा एक्स-रे मी टेबलाच्या काचेखाली ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची. बघा, हाड कसं धरून बसलंय.

पहिल्या तपासणीला आल्या तेव्हा दात चकचकीत होते. बटणाभोवती मऊ ब्रश गोल फिरवायचा, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, सकाळी आतून घासून लावायची, सगळं शिकवल्याबरहुकूम. मी विचारलं, "आक्का कशा आहेत?"

"असतील."

"असतील म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला शेवंताबाई मागीलदारातून हाका मारत. "विमल, येस काय गो? दुधाचे दात आले का?" विमलबाई खिडकीआडून म्हणत, "डॉक्टरांनी नको सांगलंय." काही दिवस हाका आल्या, मग कमी झाल्या. एक दिवस धुण्याच्या दगडाशी समोरासमोर आल्या तर शेवंताबाई म्हणाल्या, "दात आले नि जाव नको झाली होय तुला?" विमलबाई समजवायला गेल्या, वासाचं सांगायला गेल्या. शेवंताबाई बादली उचलून आत गेल्या. तेवढ्यावर मिटलं असतं. पण पहाटेचा तो वेळ सोडला तर दोन्ही घरांत मिटवायला जागाच उरली नव्हती. नवरे असे.

"दुपारी जा की त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"पुडल्या दारानं?" विमलबाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांना विमानाने जायला सांगितलंय. "मास्तर बसलेले असतात ना ओट्यावर."

मी शेवंताबाईंना निरोप पाठवला, येऊन तोंड दाखवून जा, पैसे घेणार नाही. उलट निरोप आला, "मना दात नकोत, नि शाणपन बी नको."

विमलबाईंच्या दातांना वर्ष उलटून गेलं असेल. एक दिवस नंबर न लावता त्या आत आल्या. मागे शेवंताबाई. गालाला रुमाल, चेहरा अर्धा झालेला.

विमलबाईंना कसं कळलं ते त्यांनी नंतर सांगितलं. खिडकी लावूनही पहाटे फटीतून तव्याचा वास यायचा. त्या पांघरूण नाकावर घेऊन पडून राहत आणि आक्का उठली एवढं त्यांना कळे. मग तो वास यायचा बंद झाला. एक दिवस वाटलं कुठे पाहुणी म्हणून गेली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं तंबाखू संपली असेल. मग मात्र त्या उठल्या, मागीलदार उघडलं आणि दगड ओलांडून सरळ जावेच्या चुलीशी गेल्या. शेवंताबाई पेज गाळून घेत होत्या. भात गिळवत नव्हता. बोटही तोंडात जात नव्हतं, म्हणून मशेरी सुटली होती.

खुर्चीत बसल्यावर शेवंताबाई अडखळत, दातांच्या फटीतून म्हणाल्या, "बगा. आता तुमाला माजं तोंड बगायचंय तं ता उगडत नाय."

कसंबसं एक बोट आत गेलं. गालाच्या आतून, खालच्या हिरडीला लागून, जखमेची कड हाताला लागली. कडक. आमच्या धंद्यात बोटाला जे कळतं ते तपासणीच्या कागदावर यायला वेळ लागतो. मानेतही गाठी होत्या. मी हात धुतले, जरुरीपेक्षा जास्त वेळ धुतले.

"वाईट हाय?" त्यांनी विचारलं.

"मुंबईला दाखवावं लागेल."

"म्हंजे वाईट हाय." मग विमलबाईंकडे बघून, "रडू नको. कवळी पडंल."

"पडत नाय आता," विमलबाई म्हणाल्या आणि रडल्या.

मुंबईला नेलं. विमलबाईंचा मुलगा रजा काढून तपासण्यांना धावला, मास्तर त्याच्या मागे मागे पिशवी धरून. पुतण्याशी त्यांचं किती वर्षांनी बोलणं होत होतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की फार पसरलंय, कापून उपयोग नाही, दुखणं कमी ठेवा आणि घरी न्या. घरी आणलं तेव्हा गाडीतून खुर्ची उतरवायला विमलबाईंचे यजमान गडगा ओलांडून गेले. दोन्ही भावांनी खुर्ची धरली.

त्यानंतर विमलबाई एकट्याच आल्या त्या कवळीची रबरी कडी सैल झाली म्हणून. कडी बदलायला पाच मिनिटं लागतात. बदलून झाली तरी त्या उठेनात.

"एक विचारू? रागवू नका."

"विचारा."

"आक्काला मशेरी पायजे. तिच्या हातानं होत नाय. मी माज्या बोटानं जरा ओठाला लावली तं चालंल?"

मुंबईहून नुकतीच शिकून आलेली मी असते तर खुर्चीतून उडून उभी राहिले असते. भिंतीवर माझ्याच हाताने चिकटवलेलं चित्र होतं, काळ्या हिरड्यांचं, त्यावर लाल फुली. शाळाशाळांतून जाऊन मी मुलांना सांगत असे, घरी जाऊन आजीची डबी लपवा. आणि समोर ही बाई, माझी सगळ्यात गुणी पेशंट, माझी परवानगी मागत होती. ती मागायची काही गरज नव्हती. माझ्या परवानगीने त्या घरात आता काहीही बदलणार नव्हतं.

मी म्हटलं, "भाजताना दार-खिडक्या उघड्या ठेवा. धुराने त्यांना खोकला येईल, खोकल्याने दुखेल."

"नि मी? मी बसू तितं?"

"बसा, विमलबाई. बसा."

पुढचं त्यांनी मला शेवंताबाई गेल्यानंतर सांगितलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी त्या तपासणीला आल्या होत्या. त्या दिवशी बाहेर गर्दी नव्हती, त्यामुळे सावकाश सांगितलं.

जन्मात मशेरी भाजली नव्हती ती त्यांनी पहिल्यांदा भाजली. जाळली थोडी. शेवंताबाईंना त्यांच्या यजमानांनी आणि दिराने खुर्चीसकट मागीलदारी आणून ठेवलं आणि दोघेही पुरुष आत निघून गेले. दोघी पूर्वीसारख्या बसल्या. विमलबाईंनी बोट डबीत घालून जावेच्या ओठाच्या आत जरासं फिरवलं. शेवंताबाईंनी डोळे मिटून घेतले. बोलणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून विमलबाईच बोलल्या. दीड वर्षाचं साठलेलं होतं. सून कशी आहे, मुलाने कुठे खोली घेतली, विहाराला नवा रंग लावला तो कसा वाईट दिसतो. अशा त्या रोज बसू लागल्या. शेवंताबाई गेल्या त्या पहाटेपर्यंत.

"एकदा काय झालं," विमलबाई म्हणाल्या, "बोटाला मशेरी उरली होती. सवयीनं बोट माज्याच तोंडाकडं गेलं. आक्कानं माजा हात धरला. ताकद कसली, काटकुळं झालेलं हाड. पन धरला असा की सोडंना."

"काय म्हणाल्या?"

"तोंड उगडत नव्हतं ना. एक एक शब्द, थुंकी पुसत पुसत बोलली. म्हनली, 'या दातांपायी मी दीड वर्स एकटी बसलंव. आता ते घालवशील तं बग.'"

दवाखान्यात नुकतीच येऊ लागलेली सून आतून काहीतरी विचारायला आली आणि आम्हा दोघींकडे बघून परत गेली.

आता मी साफसफाई खात्यात बसते तेव्हा नव्या बाईला साखर-रक्तदाबाच्या आधी एक विचारते, "मशेरी कोणाबरोबर लावता?" बायका गोंधळतात. डॉक्टरने असं विचारायचं असतं का? मग सांगतात, शेजारणीबरोबर, सासूबरोबर, बहिणीबरोबर. मी म्हणते, पुढच्या वेळी दोघी या. एकीने सोडायची नाही, दोघींनी सोडायची, आणि बसायचं मात्र सोडायचं नाही. दोघींची तोंडं बघते. ज्यांना खुर्चीत बसायचं नसतं त्यांना बाहेरच्या बाकावर, उजेडाकडे तोंड करून बघते. काही येतात. पुष्कळ जणी येत नाहीत. सुनेला वाटतं सासूबाईंचं वय झालं, दर पेशंटमागे एक जास्तीची म्हातारी जमा करतात.

विमलबाईंनी हे सगळं सांगितलं त्या दिवशी मी त्यांचा नवा एक्स-रे काढला होता. दोन्ही स्क्रू घट्ट, हाड जरासुद्धा उतरलेलं नाही. इतकं चांगलं चित्र मी फार थोड्या वेळा बघितलंय. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हसल्या, दात दिसले.

मी नेहमीचं विचारलं, "रोज सकाळी नीट घासता ना?"

"घासते की. तुमी शिकवलंत तसंच. आधी आतली बटनं, मग कवळी, मग परत लावायची. दोन मिन्टं लागतात." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तवर काळोखच असतो, डॉक्टर. उजाडायला पुष्कळ येळ असतो. मग काय करायचं ता तुमी सांगलं नाय."

मी त्यांचा एक्स-रे उगाच उजेडाकडे धरून पुन्हा बघितला. मग पाकिटात घालून त्यांच्या हातात दिला. सहा महिन्यांनी परत या म्हटलं. येईन म्हणाल्या. पायरी उतरताना सवयीने मागे वळून कोणीतरी येतंय का ते बघितलं, आणि एकट्याच स्टँडच्या दिशेने गेल्या.